दात्याचा नकार आणि संस्थांची पत

दारातून आत पडणाऱ्या टपालात देणगी मागणारी पत्रे किती असतात, हे ब्रिटनमधील आपल्या वाचकांना सांगायला नको. कोणी सोबत पेन पाठवते, तर कोणी शुभेच्छापत्रे. दहाएक वर्षांपूर्वी या मागणीचा अतिरेक झाला आणि त्यातून येथे एक नवी व्यवस्था उभी राहिली. तिचा विचार आपल्या मंडळांनीही करावा, असे आम्हांला वाटते.

मे २०१५ मध्ये ब्रिस्टल येथील ९२ वर्षांच्या एका आजींचे निधन झाले. माजी सैनिकांच्या मदतीसाठी पॉपीची फुले विकण्यात त्यांनी कित्येक दशके घालवली होती. पुढे चौकशीत आढळले की, ९९ संस्थांकडे त्यांचे नाव-पत्ता होता. एका वर्षात त्यांना अंदाजे ४६६ पत्रे आली होती आणि दहांपैकी सात संस्थांनी त्यांचा पत्ता इतरांकडून मिळवला होता. त्यांच्या मृत्यूचा दोष कुटुंबीयांनी संस्थांना दिला नाही. पण जो उदार, त्यालाच सर्वांनी घेरायचे, हा प्रकार उघड झाला आणि लोक संतापले.

त्या वेळी नियमन नव्हते असे नाही. संस्थांच्या पुढाकाराने स्थापन झालेले एक मंडळ २००७ पासून तक्रारी ऐकत होते. पण त्याचे सभासदत्व ऐच्छिक होते आणि नियम निधी गोळा करणाऱ्यांच्याच संघटनेने केलेले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये सर स्टुअर्ट एदरिंग्टन यांच्या अहवालाने ही पद्धत बदलण्याची शिफारस केली. त्यानुसार जुलै २०१६ मध्ये ‘फंडरेझिंग रेग्युलेटर’ ही स्वतंत्र संस्था सुरू झाली. निधी गोळा करण्यावर वर्षाला एक लाख पौंड किंवा अधिक खर्च करणाऱ्या संस्थांकडून तिचा खर्च भागवला जातो. जुलै २०१७ पासून तर कोणत्या संस्थेने आपल्याला पत्र वा दूरध्वनी करू नये, हे नागरिक तिला कळवू शकतो. घरातील वृद्धांच्या वतीनेही तसे कळवता येते.

या संस्थेला दंड करण्याचा अधिकार नाही. मग तिला मानायचे कोणी? याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे प्रसिद्धी: चुकलेल्या संस्थेचे नाव ती जाहीर करू शकते. दुसरी म्हणजे पाठीशी असलेला कायदा. स्वनियमन फसल्यास हस्तक्षेप करण्याचा राखीव अधिकार सरकारने २०१६ च्या कायद्याने घेतला आहे. शिवाय दात्यांच्या माहितीचा गैरवापर केल्याबद्दल २०१६-१७ मध्ये १३ संस्थांना दंड झाला, तो माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडून. केवळ सद्भावनेवर स्वनियमन चालत नाही, हाच याचा अर्थ.

आता आपल्याकडे वळू. गणेशोत्सवाची वर्गणी असो की गावाकडील शाळेसाठी मदत, आपली मंडळे लहान असतात आणि एक लाख पौंडांच्या त्या मर्यादेपासून फार दूर असतात. पण निधी गोळा करण्याचे नियम लहानांनाही लागू आहेत. महाराष्ट्रातही नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. मात्र लहान मंडळावर नजर कोण ठेवणार? शेवटी ती त्यांनी स्वतःवरच ठेवायची असते.

‘आपलीच माणसं आहेत, हिशेब कसला मागायचा?’ असे आपल्यात सर्रास म्हटले जाते. याच भिडेपोटी पुढे कुजबूज सुरू होते आणि प्रामाणिक कार्यकर्ताही संशयात सापडतो. म्हणून प्रत्येक देणगीची पावती द्यावी, उत्सव संपताच जमाखर्च सभासदांपुढे ठेवावा, वर्गणीदारांची यादी दुसऱ्या कोणाला देऊ नये आणि ‘या वर्षी जमणार नाही’ म्हणणाऱ्याला पुन्हा छेडू नये. एवढे पाळायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

मागण्याआधी हिशेब देणाऱ्या मंडळाला पुढच्या वर्षी फारसे मागावे लागत नाही, असा आमचा विश्वास आहे.