ओपिनियन पोलमधले 'इतर' म्हणजे कोण? नाशिकचे निकाल काय सांगतात?

निवडणूक जाहीर झाली की टीव्हीवर आकडे फिरू लागतात. युतीला इतक्या जागा, आघाडीला इतक्या आणि सगळ्यात शेवटी एक बारीक रकाना: 'इतर'. पक्ष बाजूला ठेवून अपक्षाला दिलेलं मत याच रकान्यात जातं.

नाशिकमध्ये मात्र हे 'इतर' किरकोळ नव्हते. २०१९ च्या लोकसभेला माणिकराव कोकाटे इथून अपक्ष लढले. ते हरले, पण त्यांना एक लाखाहून जास्त मतं पडली. २०२३ मध्ये विधान परिषदेच्या नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसने सुधीर तांबे यांना उमेदवारी दिली होती. त्यांनी अर्जच भरला नाही. त्यांचे पुत्र सत्यजीत तांबे अपक्ष उभे राहिले आणि २९ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले.

पोलमध्ये हे का दिसत नाही?

कारण पोल राज्याचा असतो आणि मतदान मतदारसंघात होतं. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आहेत. समजा १० हजार लोकांना विचारलं, तरी एका जागेच्या वाट्याला सरासरी २०० च लोक येतात. राज्यातला कल सांगायला एवढे पुरतात, नाशिकमध्ये कोण जिंकणार हे सांगायला नाही. मग मागच्या निकालात पक्षाची मतं किती वर-खाली होतील, यावरून जागांचा अंदाज बांधला जातो. अपक्षाला मागचा निकालच नसतो. शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यावर तर मागची मतं कोणत्या गटाची धरायची, हाही प्रश्न होता.

२०२४ मध्ये लोकसभेला नाशिकने ठाकरे गटाचे राजाभाऊ वाजे यांना दीड लाखाहून जास्त मताधिक्य दिलं. सहाच महिन्यांत त्याच भागातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या.

मग बिघडतं काय?

'याचं नाव पोलमध्येच नाही, मत वाया जाईल' असं वाटून मतदार आवडता उमेदवार सोडतो. पदवीधर निवडणुकीत ही भीती कमी असते. तिथे १, २, ३ असा पसंतीक्रम देता येतो. पहिला उमेदवार बाद झाला तर मत पुढच्या पसंतीकडे जातं. लोकसभा-विधानसभेला मात्र एकच बटण दाबायचं असतं.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ मुळे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर ओपिनियन पोल दाखवता येत नाहीत. पण त्याआधी कित्येक आठवडे तेच आकडे कानावर पडलेले असतात.

म्हणून पोल पाहताना तीन गोष्टी तपासा: किती लोकांना विचारलं, कधी विचारलं आणि प्रश्न पक्षाबद्दल होता की उमेदवाराबद्दल. तुमच्या मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराची संपत्ती, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवरच्या प्रतिज्ञापत्रात असते. तिथे अपक्षाचंही नाव असतं. 'इतर' असा रकाना तिथे नसतो.