प्रवेशाचे निर्बंध आणि प्रवासी

संपादक महाशय,

‘ज्यास यावयाचे आहे, तो निर्बंध कितीही कडक असले तरी येतोच’ हे आपल्या गेल्या अंकातील लेखकाचे प्रतिपादन वस्तुस्थितीस धरून नाही. २०२२ साली ब्रिटिश नागरिकांस भारताचा ई-व्हिसा बंद असता, अर्जासाठी जातीने केंद्रात हजर राहणे त्यांस भाग पडले आणि भेटीची वेळच न मिळाल्याने गोव्याचे मुक्रर झालेले कित्येक बेत रद्द झाले. डिसेंबरात ती सवलत सरकारला पुनश्च द्यावी लागली, याचा लेखात उल्लेखही नाही.

सुरक्षिततेचे कारण रास्तच. परंतु मुंबईवरील हल्ल्यानंतर २००९ साली घातलेली, दोन भेटींमध्ये दोन महिन्यांच्या अंतराची अट २०१२ साली बहुतेक देशांपुरती सरकारनेच मागे घेतली.

आमच्या भाईंदरचा निवृत्त गृहस्थ बँकेचे उतारे, प्राप्तिकराचे दाखले आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे छायाचित्र जमवून, बोटांचे ठसे देऊन, नामंजुरीनंतरही परत न मिळणारे ९० युरो शेंगेन व्हिसासाठी भरण्याऐवजी, नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांस व्हिसा माफ करणाऱ्या थायलंडचे तिकीट काढतो, तो युरोप पाहण्याची इच्छा सरली म्हणून नव्हे. तपास कसून व्हावा, पण निकाल ठराविक मुदतीत मिळावा, एवढाच प्रवाशाचा हक्क आहे.

ही दुरुस्ती पुढील अंकी छापावी.

आपला,
एक वाचक,
भाईंदर (पश्चिम)