पत्र्याची खोली आणि आकाशातली वीज

पत्र्याच्या खोलीवर वीज ओढली जाते असे ऐकले, तर गडगडाट सुरू झाल्यावर मुलांना घेऊन बाहेर झाडाखाली जावे काय, असे एका भगिनीने आम्हांस विचारले आहे. ताई, झाडाखाली मुळीच जाऊ नका! झाडावर पडलेली वीज खालच्या माणसावर उडी घेते. पत्र्याची गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे.

धातूत इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे बारीक कण मोकळे फिरत असतात. पाण्याला उतार मिळाला की ते वाहते, पातळी सारखी झाली की थांबते. या कणांचेही तसेच. बाहेरून विजेची ओढ आली आणि तिचा थोडासा भाग जरी पत्र्याच्या अंगालगत आडवा असला, तरी कण सरकू लागतात. तो आडवा भाग मिटेपर्यंत सरकतात. मग उरते ती पत्र्याला काटकोनात असलेली ओढ, आणि तीही बाहेरच्या बाजूला. आत काही नाही. सगळा भार धातूच्या कातडीवर बसलेला!

हे मायकेल फॅरेडे यांनी १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये करून दाखविले. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला. त्यांनी बारा फूट लांब, रुंद व उंच लाकडी सांगाडा उभारून त्यावर तांब्याच्या तारा, कागद आणि कथलाच्या वर्खाच्या पट्ट्या लावल्या. यंत्राने त्यात वीज भरली आणि स्वतः आत जाऊन बसले. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आत पेटती मेणबत्ती आणि वीज ओळखणारी नाजूक उपकरणे, पण कशावरही परिणाम नाही.

चारही बाजूंनी पत्रा असलेल्या खोलीत आमचा ट्रान्झिस्टर नुसता खरखरायचा आणि दारात धरला की बोलू लागायचा, त्याचेही कारण हेच. रेडिओची लहर पत्र्यातल्या कणांना हलवते आणि ते तिला माघारी फेकतात.

आता ताईंचा प्रश्न. धातूच्या बंद एस.टी.त बसलेला माणूस बराच सुरक्षित असतो, कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरूनच खाली उतरते. रबरी चाकांचा त्यात काही संबंध नाही. मैलभर हवा फोडून आलेल्या विजेला वीतभर रबर काय अडवणार? पण आपल्या बहुतेक खोल्यांत पत्रा फक्त डोक्यावर असतो, भिंती विटांच्या नाहीतर कुडाच्या. ती बंद पेटी नव्हे. छपरावर आलेली वीज खाली उतरायला वायर, नळ किंवा माणूस शोधते. म्हणून जवळ पक्की स्लॅबची इमारत असेल तर आभाळ भरून येताच तिथे जावे. नसेल तर घरातच, भिंतीपासून दूर, पत्र्याला व नळाला हात न लावता बसावे. टी.व्ही.चा प्लग गडगडाट सुरू होण्याआधीच काढावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी मुलांना अंगणात सोडू नये.