कचेरी खिशात आली, कारकून मात्र आपणच



जिल्हा बैठकीत भाव, वीज आणि कर्ज हे तीन विषय झाले की हल्ली एक चौथा विषय निघतो. तो विषयपत्रिकेवर नसतो. चहाच्या वेळी कोणीतरी फोन पुढे करतो आणि विचारतो, "हे पुढं जाईना, बघता का जरा?" मग त्याच्याभोवती दहाजण जमतात आणि त्यातल्या आठांचे दुखणे तेच निघते. पत्रकाने मोबाईल दुरुस्तीचे दुकान कधीपासून मांडले, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. या चौथ्या विषयापायी पैसे बुडालेले लोक आमच्याच बैठकीत बसलेले असतात.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर पीकपेरा शेतकऱ्यानेच फोनवरून नोंदवायचा, असे ठरले. तत्त्व म्हणून आमची तक्रार नाही. चावडीत बसून पिके लिहिली जायची, गेल्या सालची यंदाच्या पानावर उतरवली जायची, उभ्या कपाशीच्या जागी तूर लागायची, हे आपण विसरलेलो नाही. पण ज्याचे काम शेतकऱ्याकडे आले त्या कारकुनाला पगार होता, टेबल होते, शाई सरकारची होती. आपल्याकडे फोन आपला, रिचार्ज आपला आणि चूक झाली तर तीही आपलीच. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असे अर्थसाहाय्य २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा आधार धरला तो याच ई-पीक पाहणीच्या नोंदीचा. पीक शेतात होते, फोनमध्ये नव्हते, अशा माणसाला हेलपाटे पडले. दोन हेक्टरवाल्याचा हा १०,००० रुपयांचा प्रश्न होता.

तेव्हा हे यंत्र नीट समजून घेऊ.

सर्वात जास्त रडगाणे लोकेशनचे. फोन आपली जागा ओळखतो ती आकाशातल्या उपग्रहांच्या संदेशावरून. त्याला रेंज लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नाही. रेंज असली तर कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोनला नेटवरून झटकन मिळते. रेंज नसली तर ती उपग्रहाकडूनच गोळा करावी लागते आणि त्याला काही मिनिटे जातात. आपण मात्र अर्ध्या मिनिटात कंटाळून ॲप बंद करतो, पुन्हा उघडतो, आणि तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. गोठ्याच्या पत्र्याखाली किंवा आंब्याच्या दाट सावलीत उभे राहिलात तर जागा चुकीची दाखवणारच. बांधावरून गटात या, मोकळ्या आभाळाखाली उभे राहा, लोकेशन चालू करा, ॲपला परवानगी देताना 'अचूक' निवडा आणि पाच मिनिटे तंबाखू मळत थांबा. फोटो घरून काढून चालत नाही. नवे ॲप तुम्ही खरेच शेतात आहात का ते तपासते.

शेतात रेंज नाही म्हणून नोंद सोडून येऊ नका. माहिती भरून साठवता आली तर साठवा आणि गावात रेंजमध्ये आल्यावर वर पाठवा. इथे एक धोका आहे. ॲप अडकले की गावातला हुशार पोरगा सांगतो, "काढून टाका, परत घ्या." पाठवायची राहिलेली नोंद ॲपबरोबरच पुसली जाते. आधी पाठवा, मग काय काढायचे ते काढा. नोंद चुकली असेल तर ४८ तासांत ती आपल्याला दुरुस्त करता येते, म्हणून त्याच रात्री एकदा उघडून वाचावी. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अख्खा जिल्हा त्या एका दारात उभा असतो. पेरणी उरकली की त्या आठवड्यातच हे काम संपवणे बरे.

"जागा शिल्लक नाही" हा दुसरा आजार. त्याचे कारण फार वेळा शुभ सकाळच्या फुलांत सापडते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा या ठिकाणी चित्रे व व्हिडिओ आपोआप उतरवून घेणे बंद करता येते. बंद करा. पाहुण्यांचा राग येणार नाही, त्यांना कळतही नाही. चार्जिंग होत नसेल तर नवी वायर घेण्याआधी फोन बंद करून तोंडातली धूळ-भुसा लाकडी काडीने हलकेच काढा, टाचणीने नव्हे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात फोन ठेवू नका. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. पडदा बोटाला दाद देत नसेल तर बोट ओले असेल, कारण पडदा बोटाच्या विजेच्या गुणावर चालतो. फवारणीच्या हाताने तर फोन धरूच नये. संध्याकाळी तोच फोन नातवंडाच्या तोंडाजवळ जातो.

आता मोटारीच्या मोबाईल स्टार्टरकडे. रात्री दोनला थ्री-फेज येते, विहीर घरापासून दीड किलोमीटर, वाटेत साप-विंचू आणि काही तालुक्यांत बिबट्या. त्या पेटीतल्या सिमकार्डाने किती माणसांची रात्रीची पायपीट वाचवली याचा हिशोब कोणी केलेला नाही. पण ते सिम ना गाणी ऐकते, ना व्हिडिओ पाहते. त्याला फक्त फोन आणि एसएमएस लागतो. तरी वर्षानुवर्षे आपण त्यात इंटरनेटसकट रिचार्ज टाकत आलो, आणि जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा तेही निमूट भरले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले. अशा खास रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही. नाव घेऊन मागा, दोन कंपन्यांचे दर विचारा, आणि विहिरीवर ज्याची रेंज पक्की त्याचेच सिम पेटीत घाला. सिम बंद पडल्याचे कळते ते पाळी चुकल्यावर, म्हणून मुदतीची तारीख स्टार्टरच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावी.

फोनने शेत मोजणाऱ्यांना दोन शब्द. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोन आपली जागा सुमारे पाच मीटरच्या आत-बाहेर सांगतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बाजू जेमतेम दहा मीटर. दहा मीटरच्या बाजूत पाच मीटरची चूक असेल तर त्या मोजणीला अर्थ काय? एकराची चौरस बाजू ६३ मीटरच्या वर जाते, तिथे बियाण्याचा, मजुरीचा, नांगरटीच्या भाड्याचा अंदाज ठीक निघतो. अंदाजच. बांध कोणाचा याचा निकाल फोन देऊ शकत नाही. त्या आकड्यावर भावाभावांत काठ्या निघाल्याचे ऐकतो तेव्हा वाईट वाटते. त्यासाठी भूमी अभिलेखची रीतसर मोजणी आहे.

एक ॲप मात्र घरोघरी असावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात विजा पडत असतील तर इशारा देते. ते टाकूनही इशारा आला नाही, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा लोकेशन बंद असते, सूचना बंद असतात किंवा बॅटरी वाचवण्याच्या सोयीने फोनने त्या ॲपलाच झोपवलेले असते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन दामिनीवरची बंधने काढा. रेंज नसेल तर डोळे-कान आहेतच. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, काम तिथेच सोडायचे. फोनमुळे वीज अंगावर येते, ही समजूत खोटी आहे. माणूस दगावतो तो उघड्या रानात उभा राहिल्याने किंवा झाडाखाली आसरा घेतल्याने. जवळ पक्के घर नसेल तर बंद काचेची गाडी चालेल, झाड नको.

ओटीपीचे दुखणे घराघरात निराळे. सातबारा आईच्या नावावर, आधारला जोडलेला नंबर पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाचा, आणि तो शिफ्टवर असताना इकडे सेवा केंद्रात रांग लागलेली. कुठे आधारला जोडलेला नंबरच दोन वर्षांपूर्वी बंद पडला. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही दिला जाऊ शकतो; मग आपल्या शेताचा ओटीपी परक्या माणसाच्या हाती. मायबहिणींना आमचे आग्रहाने सांगणे आहे, जमीन तुमच्या नावावर असेल तर नंबरही तुमचा, चालू आणि तुमच्या हातातल्या फोनचा असू द्या. बँकेत आणि आधारला तोच द्या.

पीएम किसानच्या, पीकविम्याच्या किंवा वीजबिलाच्या नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' नावाची फाईल येते. ती उघडू नका, ती ओळखीच्या माणसाकडून आली तरी नाही, कारण त्याचा फोन आधीच लुबाडला गेलेला असू शकतो. ती फाईल फोनमधले एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि मग ओटीपी परस्पर चोराला पोचतो. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० ला फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथीवरून तो बंद करवता येतो. त्यासाठी १५ आकडी आयएमईआय नंबर हाताशी हवा. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की तो दिसतो. आजच सातबाराच्या फाईलमध्ये लिहून ठेवा.

कॅमेऱ्याचा उपयोग आपण लग्नात करतो, बाजारात विसरतो. काटापट्टी, हिशोबपट्टी, औषधाच्या बाटलीवरचा बॅच नंबर, बियाण्याच्या पिशवीचे लेबल आणि दुकानदाराचे बिल यांचे फोटो त्याच दिवशी काढावेत. बियाणे उगवले नाही तर पिशवी, लेबल, बिल आणि थोडे बियाणेही जपून ठेवा. फोटो त्यांना जोड म्हणून आहे, त्यांच्या बदली नाही.

आता पुढच्या बैठकीचे काम. ई-पीक पाहणीत ज्यांचा गट नकाशावर भलतीकडे दिसतो, खाते सापडत नाही किंवा नोंद पाठवूनही सातबाऱ्यावर चढलेली नाही, त्यांनी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. तारीख आणि वेळ त्यात दिसली पाहिजे. गाव, गट नंबर आणि पीक कागदावर लिहून प्रत्येक तालुक्याने आपली यादी बैठकीला आणावी. एकट्याने गेलेल्याला "सर्व्हर डाऊन आहे" एवढेच ऐकायला मिळते. आपण सगळ्या तालुक्यांच्या याद्या एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू आणि पोच घेऊनच परत येऊ. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्यांची नावे यादीत सर्वात वर लिहा.