पळसाला पाने तीनच
परवा भिलाईहून राजनांदगावला जाताना रुळांलगतचे पळस असे पेटलेले दिसले, की वाटले, आमच्या पोलाद कारखान्याची भट्टीच हवा खायला बाहेर पडली आहे. याच राजनांदगावच्या वाटेवर, १८९३ च्या सुमारास, आगगाडीतल्या एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती बायबलचा ‘नवा करार’ ठेवला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग घरात उठलेले वादळ तुम्ही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचलेच असेल. त्याच ‘नव्या करारा’त येशूने ‘काळजी सोडा’ सांगताना रानातली भूकमळे दाखवली. ब्रिटनहून आयर्लंडला गेलेल्या संत पॅट्रिकने म्हणे तिथल्याच शॅमरॉकच्या तीन दळांवरून त्रैक्य समजावले. तीन पाने आमच्या पळसालाही आहेत. पण त्यातून आम्ही बोध काय घेतला, तर कुठेही जा, सगळे सारखेच! मला हे साफ नामंजूर आहे. परमुलखात धर्म सांगायला जाणाऱ्याने आधी तिथले झाड ओळखावे, मग तोंड उघडावे. टिळकांनी, फुलामुलांच्या या कवीने, ख्रिस्तालाही अभंग-ओवीतच मराठी माणसाच्या घरी आणले, म्हणून तो परका वाटला नाही. राजनांदगावला जाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि खिडकीची जागा सोडू नका.