परवानगीचे पथनाट्य

पथनाट्य 'प्रचारकी' असते, सबब ते वाङ्मय नव्हे, हा निकाल आपल्या मराठी विभागांतून आजही इतक्या सहजपणे दिला जातो की त्यामागे काही विचार असावा असे ऐकणाऱ्याला वाटते. आमच्या मते तो विचार नसून सोय आहे. संहिता हाती घ्यायची, तीत प्रतिमा शोधायच्या, सापडल्या नाहीत की गुण कापायचे!

१ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीलगतच्या साहिबाबादमध्ये, झंडापूर येथील कामगारवस्तीत, जन नाट्य मंचाच्या 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार गोळी लागून मेला. सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले, वय अवघे ३४. (दोषींना शिक्षा व्हायला २००३ साल उजाडले.) ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी सहकाऱ्यांसह त्याच जागी परतल्या आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पूर्ण केले. नाटक तेच, जागाही तीच. बदलला तो त्या जागेवर उभे राहण्याचा अर्थ, आणि तो छापील संहितेत शोधून सापडणार नाही. जी समीक्षा तेवढी संहिताच वाचते, ती या नाटकाबद्दल बोलतच नसते. लाल बावटा कलापथकाचा वारसा सांगणाऱ्या मराठीत तरी हे नव्याने सांगावे लागू नये.

हौतात्म्याने वाईट नाटक चांगले होत नाही, असे कोणी म्हणेल. मान्य. पण याच मंचाचे 'मशीन' (१९७८) पाहावे. जेमतेम १३ मिनिटांचे नाटक. नेपथ्य नाही, नटांच्या शरीरांतूनच यंत्र उभे राहते आणि त्यांच्याच थांबण्याने ते बंद पडते. याला प्रतिमा म्हणायचे नाही, तर मग कशाला?

दरम्यान महाविद्यालयांतून पथनाट्याला बरकत आली आहे म्हणे. स्पर्धा होतात, विषय परिपत्रकातून येतो: स्वच्छता, मतदान, हेल्मेट. प्रयोग फाटकाच्या आत, परीक्षक खुर्च्यांवर. त्या खुर्च्यांवर आम्हीही बसलो आहोत. एका वर्षी मुलांनी वसतिगृहातल्या पाणीटंचाईवर नाटक आणले, तेव्हा 'विषयाला सोडून' हा शेरा आमच्याच हातून पडला आणि आमच्यापैकी कोणीही तो खोडला नाही. मुलांनी ते नाटक संध्याकाळी फाटकाबाहेर, रिक्षाथांब्यावर केले. गर्दी बरी होती, असे कळले. आम्ही गेलो नव्हतो.