इंजिन थांबले तर?

वाचकहो, बंगळूरच्या उत्तरेस येलहंका येथे वायुदलाचा तळ आहे. तेथील आकाशात हेलिकॉप्टर पाहून आपल्या मनात एक शंका खचित येईल. इंजिन बंद पडले तरी विमान पंखांच्या आधाराने तरंगत उतरेल. हे यंत्र मात्र दगडासारखे कोसळणार नाही काय? घरचे मूल वैमानिक होण्यास निघाले असेल, तर ही शंका केवळ कुतूहलाची राहत नाही.

महोगनीचे पंखधारी बीज झाडावरून सुटले, की गरगर फिरत सावकाश उतरते. हेलिकॉप्टरचेही तसेच आहे. इंजिन थांबताच मोठा पंखा त्यापासून आपोआप सुटा होतो. वैमानिकाने डाव्या हाताचा दांडा तत्काळ खाली केला, म्हणजे पात्यांचा कोन कमी होतो व खालून येणारा वारा ती फिरती ठेवतो. भूमीजवळ नाक किंचित उचलून वेग मोडावयाचा आणि अखेरीस दांडा वर ओढून अलगद टेकावयाचे. पात्यांत साठलेली गती ही एकदाच खर्चता येणारी पुंजी होय. दांडा लवकर ओढला तर ती हवेतच संपते. उंची आणि वेग दोन्ही कमी असतील, तर हे सारे साधण्यास अवधीच उरत नाही.

म्हणूनच चेतकसारख्या एक-इंजिनी यंत्रावर शिक्षक इंजिन मंद करून विद्यार्थ्याकडून हा सराव पुनःपुन्हा करवून घेतो. विचार करीत बसण्यास वेळ नसतो. हाताला सवयच हवी.

एमआय-१७ ला दोन इंजिने असतात. एक थांबले, तर दुसरे अधिक भार उचलते. परंतु जड यंत्र हवेत स्थिर राहू शकेलच असे नाही. अशा वेळी ते विमानाप्रमाणे धावपट्टीवर चाकांनी धावत उतरवितात.

हकीमपेट येथे शिकून पुढील शिक्षण येलहंक्यास घेतलेल्या पारुल भारद्वाज व अमन निधी यांनी, उड्डाण-अभियंता हिना जयस्वाल यांच्यासह, २७ मे २०१९ रोजी एमआय-१७ व्ही५ चालविले. असे हेलिकॉप्टर चालविणारे संपूर्ण महिलांचे ते देशातील पहिले पथक होते.

तेव्हा आपली कन्या वा पुत्र उद्या पत्रातून कळवील, की ‘आज इंजिन मंद करून दहा वेळा उतरलो’, तर भिऊ नका. दहा वेळा का, वीस वेळा उतर, असेच उत्तर धाडा.